मावळातील पेठ आणि सरकता रस्ता

बाजारपेठेतील बंद गाळा हा सामान्यतः त्याच्या मालकाचा खासगी प्रश्न समजला जातो. भाडे जास्त असेल, भाऊबंदकीचा दावा चालू असेल किंवा धंदा बसला असेल, एवढे अनुमान काढून शेजारचा दुकानदार आपल्या कामाला लागतो. प्रत्यक्षात पेठेतील कोणतेही दुकान एकट्याच्या बळावर चालत नाही, कारण भांड्याच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक जाता जाता किराणा घेते, शिंप्याकडे कपडा टाकते आणि चहा पिऊन परतते. त्यामुळे एक गाळा बंद झाला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांसमोरची वर्दळ काही अंशाने घटते. बंद गाळ्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की ही घट स्वतःच नव्या घटीचे कारण बनते. पेठ पुन्हा भरायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच एका दुकानाचा राहत नाही. पुणे जिल्ह्यातील लोणावळा आणि त्याच्या पूर्वेला पसरलेला मावळ हा प्रदेश या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयोगी आहे, कारण येथील प्रत्येक बाजार कोणत्या ना कोणत्या रस्त्यावर उभा राहिला आणि तो रस्ता गेल्या 200 वर्षांत अनेकदा सरकला.

बोरघाटातून गाडीरस्ता 1830 मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, खुला झाला. तत्पूर्वी घाट होता, पण त्यातून बैल आणि हमाल जात. चाकाचे वाहन वर येऊ लागल्यावर घाटमाथ्यावर विसावा, चारा आणि शिधा पुरवणाऱ्या दुकानदारीला पक्का आधार मिळाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची खंडाळा ते पुणे ही वाट 1858 मध्ये सुरू झाली, तेव्हा खालची खोपोलीपर्यंतची आणि वरची खंडाळ्यापासूनची अशा दोन तुटक रेल्वेवाटांमधला घाट प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने ओलांडावा लागे. हा खंड 1863 मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाल्यावर संपला. त्या बांधकामावर 1861 च्या सुमारास 40,000 हून अधिक मजूर राबत होते. एवढ्या माणसांना धान्य, गूळ, तंबाखू आणि घोंगडी पुरवणारा व्यापार घाटाच्या दोन्ही टोकांना उभा राहणे अपरिहार्य होते, आणि काम संपल्यावर त्यातला मोठा भाग उठून जाणेही तितकेच अपरिहार्य होते. घाटमाथ्यावरच्या बाजाराने गिऱ्हाइकांचे ओसरणे असे आपल्या जन्मकाळातच पाहिले.

तरीही लोणावळ्याची पेठ टिकली, याचे कारण रेल्वेने तेथे केवळ प्रवासी आणले नाहीत, तर वस्तीही आणली. इंजिनांची शेड, तिथले कारागीर, गार्ड आणि ड्रायव्हर यांची घरे, या सर्वांमुळे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार घेणारे आणि त्याच पेठेत तो खर्च करणारे गिऱ्हाईक निर्माण झाले. नगरपालिका 1877 मध्ये स्थापन झाली. पुढे टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवण धरणाची कोनशिला 1911 मध्ये बसली आणि 1915 पासून खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केले. नौदलाची शिवाजी ही प्रशिक्षण संस्था 1945 मध्ये सुरू झाली. या चारही घटना एरवी वेगवेगळ्या इतिहासांत नोंदल्या जातात, परंतु बाजाराच्या दृष्टीने त्यांचा अर्थ एकच होता: लोणावळ्यात राहणारे, महिनोन्‌महिने तेच दुकान धरून असणारे लोक वाढले. मुंबईच्या धनिकांचे बंगले खंडाळ्याला आणि तुंगार्लीला होतेच. पण बंगल्याचा मालक हंगामात येई, तर त्या बंगल्याचा माळी वर्षभर किराणा भरत असे.

येथे दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांतील भेद स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. वाटसरू गिऱ्हाईक एकदा येते, मागे वळून येईलच याची खात्री नसते, आणि म्हणून दुकानदार त्याच्याकडून त्या एका भेटीत जास्तीत जास्त नफा काढतो. फिरून येणारे गिऱ्हाईक थोडे घेते, घासाघीस करते, वेळप्रसंगी उधारी मागते, पण वर्षाचे सगळे महिने दुकान चालवते. लोणावळ्याच्या पेठेने पहिल्याच्या जोरावर नाव कमावले आणि दुसऱ्याच्या जोरावर ती जगली.

नाव कमावण्याचे श्रेय अर्थातच चिक्कीला जाते. घाटात काम करणाऱ्या मजुरांना झटपट ताकद देणारी गूळदाणी विकली जाई आणि तिच्यातूनच चिक्कीचा व्यवसाय उभा राहिला, असे लोणावळ्यात परंपरेने सांगितले जाते. तिचा प्रसार मात्र रेल्वेच्या एका तांत्रिक गरजेला बराच ऋणी असावा. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात, त्यांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात. चढ संपल्यावर ती काढण्याचे काम लोणावळ्याच्या परिसरात होते आणि तेवढा वेळ गाडी खोळंबते. खिडकीशी आलेल्या फेरीवाल्याला तो खोळंबा पुरेसा असतो. ज्या मालाला कागदात गुंडाळता येते, जो प्रवासात सांडत नाही आणि ज्याची किंमत सुट्या नाण्यांत देता येते, असाच माल त्या काही मिनिटांत खपतो, आणि चिक्की या तिन्ही कसोट्यांना उतरते.

चिक्कीचे दुकान हे मुळात नुसते दुकान नव्हते. पुढे विक्रीचा ओटा, मागे भट्टी आणि वर किंवा पाठीमागे घर, अशी त्याची ठेवण असे. भाजलेले शेंगदाणे सालपट काढून, पाखडून बाजूला ठेवले जातात. कढईत गूळ किंवा साखर वितळून पाक इतका पुढे नेला जातो, की त्याचा थेंब पाण्यात टाकल्यावर कडकडीत होऊन तुटतो. मग दाणे ओतून तो गोळा तेलाचा हात फिरवलेल्या सपाट ओट्यावर उलटला जातो आणि निवायच्या आत जड लाटण्याने लाटून, सुरीने आडव्या-उभ्या रेघा मारून वड्या पाडल्या जातात. पाक अर्धा मिनिट मागे राहिला तर चिक्की दाताला चिकटते, पुढे गेला तर करपट लागते. ज्या गावात वर्षाला 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे हवेतील ओल हा या मालाचा मोठा शत्रू असून पावसाळ्यात उघडी राहिलेली वडी बघता बघता चिवट होते. म्हणून हवाबंद वेष्टन आले, वेष्टनासाठी यंत्र आले, यंत्रासाठी जागा लागली, आणि कारखाना पेठेतल्या मागच्या खोलीतून बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा झाला. माल पेठेत बनतो तेव्हा भट्टीवरचे कारागीर, दाणे पाखडणाऱ्या बायका आणि गुळाच्या ढेपा उतरवणारा हमाल हे सारे पेठेचे गिऱ्हाईक असतात. माल बाहेरून खोक्यांत येतो तेव्हा पेठेत एक विक्रेता पुरतो. एकच पाटी, एकच माल, तरी पेठेला मिळणारा आधार निराळा. बाजाराच्या अभ्यासात हा फरक क्वचितच मोजला जातो.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग 2002 मध्ये पूर्णपणे खुला झाला. राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेला, सुमारे 94.5 किलोमीटर लांबीचा हा सहा पदरी मार्ग लोणावळ्याच्या बाजारातून जात नाही. ज्याला गावात यायचे आहे त्याने मुद्दाम वळण घ्यावे लागते. जुना महामार्ग मात्र खंडाळा, लोणावळा, कार्ला फाटा, कामशेत, वडगाव आणि तळेगाव असा वस्त्यांमधून जातो, आणि त्याच्या कडेला वडापाव, चहा, चिक्की, पंक्चर, टायर यांची जी दुकाने होती ती सरळ वाहतुकीवर पोसलेली होती. ही वाहतूक मोठ्या प्रमाणावर नव्या मार्गाकडे वळली आणि खाण्यापिण्याचा थांबा द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये गेला. अशा वेळी बाजार ओस पडतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. लोणावळ्यात तसे सरळ घडले नाही, आणि या गावाच्या कथेचा गुंता येथूनच सुरू होतो.

मुंबईहून दोन-अडीच तासांत पोचता येऊ लागल्यामुळे लोणावळा हे वाटेवरचे गाव न राहता शनिवार-रविवारचे मुक्कामाचे गाव बनले. गाडीतून येणारा हा पर्यटक भुशी धरण, टायगर पॉइंट, कार्ल्याची लेणी आणि एकवीरेचे दर्शन यांसाठी येतो, बंगल्यात किंवा हॉटेलात राहतो आणि जाताना महामार्गाच्या कडेला, जिथे गाडी उभी करता येते तिथे, चिक्की आणि फज घेतो. स्थानक आणि जुना महामार्ग यांच्या दरम्यानच्या मूळ पेठेत तो शिरतोच असे नाही. त्यामुळे व्यापार पेठेच्या पोटातून निघून रस्त्याच्या काठाला सरकला आणि दिवसांच्या हिशेबातही आक्रसला. दुकानाचे भाडे सात दिवसांचे आणि गल्ला दोन दिवसांचा, अशी अवस्था असली की त्या जागेत कोणते धंदे तग धरू शकतात, हे जवळपास ठरून जाते.

जर्मन भूगोलकार वाल्टर क्रिस्टालर यांनी 1933 मध्ये मांडलेल्या केंद्रस्थान सिद्धान्तात दोन संकल्पना आहेत. कोणताही धंदा चालण्यासाठी किमान किती गिऱ्हाईक हवे, त्या मर्यादेला त्या धंद्याचा उंबरठा म्हणता येईल. आणि त्या मालासाठी गिऱ्हाईक किती अंतरावरून येण्यास तयार असते, तो त्याचा पल्ला. मीठ-मिरचीचा उंबरठा लहान आणि पल्ला आखूड असतो, तर लग्नाच्या शालूचा उंबरठा मोठा आणि पल्ला लांब. लोणावळ्याच्या पर्यटक-रस्त्यावर भाडे पर्यटकाच्या खिशाकडे पाहून ठरत असल्यामुळे प्रत्येक धंद्याचा उंबरठा कृत्रिमरीत्या वर उचलला जातो. दोन दिवसांत आठवड्याचे भाडे काढता येईल इतका नफा ज्या मालात आहे तोच टिकतो. स्टोव्ह दुरुस्त करणारा, चपला शिवणारा किंवा शालेय वह्या विकणारा तिथे टिकू शकत नाही. एकाच मालाची दुकाने ओळीने उभी राहण्यामागे अनुकरणापेक्षा हे भाड्याचे गणित अधिक कारणीभूत आहे. 2011 च्या जनगणनेत 57,698 वस्ती असलेल्या नगराला जी दुकाने लागतात आणि त्या नगराच्या मोक्याच्या जागांवर जी दुकाने दिसतात, त्यांचा मेळ मग बसत नाही.

या दृष्टीने पाहिल्यास रिकामपणाचे तीन प्रकार संभवतात. बारमाही बंद असलेला गाळा सर्वांना दिसतो. दुसरा प्रकार सोमवार ते गुरुवार शटर खाली आणि शुक्रवारी संध्याकाळी वर, अशा गाळ्याचा. त्याची नोंद भरलेला म्हणूनच होते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: गाळा उघडा आहे, दिवेही लागले आहेत, पण गावातील माणसाला त्यात घेण्यासारखे काही नाही. स्थानिक रहिवाशासाठी ते दुकान बंद असल्यासारखेच असते. उलट पावसाळ्यातील शनिवार-रविवारी वाहनांची कोंडी इतकी होते की गावकरी त्या दोन दिवसांत पेठेत पाऊलच टाकत नाहीत, म्हणजे जेव्हा बाजार सर्वांत गजबजलेला दिसतो, तेव्हाच त्याचे कायमचे गिऱ्हाईक घरी बसलेले असते. गर्दीवर पोसलेला हा व्यापार किती नाजूक आहे, हे जून 2024 अखेरीस भुशी धरणालगतच्या दुर्घटनेत एकाच कुटुंबातील पाच जण बुडाल्यानंतर दिसले. जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर संध्याकाळी सहानंतर बंदी घातली. तो निर्णय योग्यच होता, पण संध्याकाळच्या गल्ल्यावर महिना काढणाऱ्या दुकानदाराला दुसरा आधार उरलेला नसतो, हेही त्यातून उघड झाले.

गाळा रिकामा असूनही मालक भाडे उतरवत नाही, ही बाब बाहेरच्याला अनाकलनीय वाटते. तिची मुळे कायद्याच्या इतिहासात आहेत. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम 1947 नुसार प्रमाण भाडे 1940 च्या पातळीशी बांधलेले होते, आणि महाराष्ट्रातील जुन्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या त्याच भाड्यावर बसलेले भाडेकरू आणि हात चोळणारे मालक निर्माण झाले. दुकान सोडताना भाडेकरू नव्या भाडेकरूकडून जी एकरकमी रक्कम घेई आणि जिच्यात मालकही वाटा घेई, ती पागडी. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या, त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीला कायदेशीर मान्यताही दिली. तरीही मालकाच्या मनातील भीती गेली नाही. भाडेकरू एकदा बसला की उठत नाही, ही धारणा इतकी खोल आहे की आजचा मालक 11 महिन्यांच्या किंवा फार तर काही वर्षांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावरच जागा देतो, म्हणजे भाडेहक्क न देता केवळ वापराची परवानगी देतो. एवढ्या अल्प मुदतीत फर्निचर, माल आणि ओळख यांवरचा खर्च निघत नाही, म्हणून गंभीर व्यापारी त्या वाटेला जात नाही. जो येतो तो झटपट नफ्याच्या मालावर दोन हंगाम काढून जातो. याच्या जोडीला गुंतवणूक म्हणून घेतलेले गाळे आहेत. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून गाळे काढायचे, ही तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत सर्वत्र रूढ झालेली पद्धत असून त्यांचा खरेदीदार बहुधा व्यापारी नसतो, तो किंमत वाढण्याची वाट पाहणारा गुंतवणूकदार असतो. असा गाळा त्याच्या दृष्टीने रिकामा नसतोच. कमी भाड्याचा एक करार नोंदला गेला तर जागेची बाजारातील किंमत खाली आल्याचा पुरावा तयार होतो, म्हणून तो बंद ठेवणेच पसंत करतो.

ओस पेठ वसवण्याची रीत मराठी मुलखाला अपरिचित नव्हती, ही गोष्ट आजच्या नगरनियोजनाच्या चर्चेत सहसा येत नाही. नवी पेठ बसवायची झाली की शिवकाळात आणि पेशवाईत सरकार उदमी लोकांना कौल देई, म्हणजे लेखी अभय आणि सवलत देई: काही वर्षे मोहतर्फा, अर्थात दुकानांवरचा आणि कसबांवरचा कर, माफ, जकातीत सूट, आणि त्यानंतर कर टप्प्याटप्प्याने पूर्ण दरावर. पडीक जमिनीसाठी हीच रीत इस्तावा या नावाने ओळखली जात असे. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढता, असा तो हिशेब होता, आणि पुणे परगण्यात व मावळात दादोजी कोंडदेवांच्या काळी उजाड झालेली गावे अशाच चढत्या साऱ्याने पुन्हा लागवडीस आली, असे परंपरा सांगते. पेठेवर शेटे आणि महाजन हे वतनदार असत. व्यापाऱ्यांना बोलावून आणणे, जागा लावून देणे, तंटे मिटवणे आणि वजनमापांवर नजर ठेवणे ही त्यांची कामे होती. पेठ वसली तर त्यांचा हक्क वाढे, उजाड झाली तर बुडे. संपूर्ण पेठेच्या बरकतीशी ज्याचे पोट बांधलेले आहे असा माणूस त्या व्यवस्थेत होता. आजच्या पेठेत प्रत्येक गाळ्याला मालक आहे, पण पेठेला कोणी नाही. व्यापारी संघटना असतात, परंतु त्या दिवाळीची रोषणाई, बंदची हाक आणि करवाढीविरुद्धचे निवेदन यांपलीकडे क्वचितच जातात.

जगात अन्यत्र याच पोकळीवर तीन निरनिराळे उपाय झाले. अमेरिकेत 1977 ते 1980 या काळात गेल्सबर्ग, हॉट स्प्रिंग्ज आणि मॅडिसन या तीन लहान शहरांत प्रयोग करून 1980 मध्ये मेन स्ट्रीट ही चळवळ आकाराला आली. तिचे सार असे, की पेठेसाठी एक पगारी व्यवस्थापक नेमावा आणि त्याने मालक, दुकानदार व नगरपालिका यांना एकत्र धरून कोणत्या गाळ्यात कोणता धंदा हवा याचा विचार करावा. हा व्यवस्थापक म्हणजे वतनाशिवायचा शेटे. इंग्लंडने दंडुक्याचा मार्ग पत्करला: डिसेंबर 2024 पासून तेथील स्थानिक परिषदेला वर्षभर बंद राहिलेल्या गाळ्याचा भाडेहक्क, मालकाची इच्छा नसली तरी, एक ते पाच वर्षांसाठी लिलावाने देता येतो. जपानमध्ये बंद दुकानांच्या रांगांना शटरची गल्ली असे नावच पडले आहे. तेथील ताकामात्सु शहरात मारुगामे-माची या जुन्या पेठेतील जमीनमालकांनी मालकी आपल्याकडे ठेवून जमिनीचा वापर दीर्घ मुदतीने एका सामाईक कंपनीकडे सोपवला, आणि 2006 मध्ये पुनर्रचनेचा पहिला भाग पूर्ण झाल्यावर दुकानांची निवड व मांडणी ती कंपनी करू लागली. या तिन्हींपैकी मारुगामे-माचीचा मार्ग तत्त्वतः सर्वांत आकर्षक असला तरी, सात-बारा उताऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर डझनभर वारसांची नावे असलेल्या महाराष्ट्रातील पेठेत तो रुजण्याची शक्यता कमीच. इंग्लंडसारखा कायदा येथे आणला तर पहिले दशक न्यायालयात जाईल. राहतो तो पेठेसाठी माणूस नेमण्याचा आणि चढत्या भाड्याचा मार्ग, आणि त्याची सुरुवात नगरपरिषद स्वतःच्या गाळ्यांपासून कोणाचीही परवानगी न मागता करू शकते, असे वाटेल.

तसे मात्र नाही. नगरपरिषदेची मालमत्ता 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने बांधलेली असून गाळे लिलावाने किंवा निविदेने ठरावीक मुदतीसाठी द्यावे लागतात, आणि लेखापरीक्षक सर्वोच्च बोलीखेरीज दुसरी कसोटी मानत नाही. सर्वोच्च बोली लावणारा तोच, ज्याच्या मालात सर्वाधिक नफा आहे. म्हणजे सार्वजनिक पैशाने बांधलेले संकुलही त्याच एका धंद्याने भरते, किंवा अनामत रक्कम आवाक्याबाहेर असल्याने बोलीच येत नाही आणि गाळ्यांच्या पायऱ्यांवर भाजीवाले बसतात. लिलाव धंद्याच्या प्रकारानुसार आरक्षित ठेवणे, पहिल्या वर्षी अनामत हप्त्याने घेणे आणि भाडे इस्ताव्याप्रमाणे चढते ठेवणे, या तीन अटी लिलावाच्या जाहिरातीत आधीच छापल्या तर पारदर्शकतेला बाधा येत नाही. लोणावळा नगरपरिषदेला हे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही; 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत विट्यापाठोपाठ देशात दुसरा क्रमांक मिळवणाऱ्या संस्थेकडे रोजच्या रोज गल्लोगल्ली नजर ठेवणारी यंत्रणा आहे, आणि घरोघरचा कचरा नोंदवू शकणाऱ्या यंत्रणेला गाळ्याचे शटर वर्षात किती दिवस वर होते, हे नोंदवणे अवघड नसावे.

पायऱ्यांवर बसणाऱ्या विक्रेत्यांकडे पेठेचे शत्रू म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. पथविक्रेता अधिनियम 2014 नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात आणि दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे लागते. मावळच्या वाड्यांतून पहाटे करवंदे, जांभळे, रानभाज्या घेऊन येणारी बाई गाळ्याचे भाडे कधीच देऊ शकणार नाही, परंतु तिच्यासाठी गावातील बायका पेठेत चालत येतात आणि त्याच फेरीत समोरच्या दुकानातून तेल-साखर घेतात. तिला उठवून दोन गाड्यांची जागा केली, तर पेठेने रोजचे गिऱ्हाईक देऊन आठवड्याचे गिऱ्हाईक विकत घेतले असा त्याचा अर्थ होतो.

वाहनांच्या प्रश्नाचे उत्तर घाटाच्या दुसऱ्या बाजूला आहे. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत, आणि त्यामुळे प्रत्येक पर्यटक, त्याची इच्छा असो वा नसो, बाजारातून जातो. माथेरानच्या गैरसोयी लोणावळ्यावर लादाव्यात असे कोणी म्हणणार नाही, पण पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो, आणि तो तर शहरातील सर्वांत गजबजलेल्या बाजारांपैकी एक. पार्किंग गेले की गिऱ्हाईक गेले, ही दुकानदाराची तक्रार वाटसरू गिऱ्हाइकापुरती खरी आहे. पायी, लोकलने किंवा एसटीने येणाऱ्यांची गणती करताच ती डळमळते.

फिरून येणारे हे गिऱ्हाईक कोठून येते, हे पाहण्यासाठी लोणावळ्याहून पूर्वेला यावे लागते. मावळ तालुका म्हणजे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी, आणि त्यांची तोंडे जिथे रस्त्याला व रेल्वेला मिळतात तिथे कामशेत, वडगाव आणि तळेगावचे बाजार बसले आहेत. वडगावची पेठ तहसील कचेरी, न्यायालय आणि पंचायत समितीच्या आवारात येणाऱ्यांवर चालते. उतारा काढायला आलेला शेतकरी झेरॉक्स काढतो, मुद्रांक घेतो, वकिलाची वाट पाहत मिसळ खातो आणि जाताना पोराला दप्तर घेतो. कामशेत हा त्याहून निर्भेळ शेतकरी बाजार. जूनच्या सुरुवातीला तेथील दुकानांच्या दारात ताडपत्र्या, प्लॅस्टिकची इरली, नांगराचे फाळ आणि खताची पोती मांडलेली असतात, आणि भाताचे बियाणे घेणारा माणूस वाणाचे नाव घेऊनच मागतो. इंद्रायणी हा आज महाराष्ट्रभर ओळखला जाणारा सुवासिक वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातूनच बाहेर आला. या बाजारातील उधारीची वही भाताच्या हंगामाशी बांधलेली असते. पेरणीला घेतलेले खत सुगीनंतर फिटते. ही उधारी दुकानदाराला जड जाते, पण तिच्यामुळेच गिऱ्हाईक तेच दुकान धरून राहते, आणि मोबाइलवर मागवलेल्या मालाला अजून ही सोय देता आलेली नाही. द्रुतगती मार्ग झाल्यावर कामशेतच्या महामार्गावरील थांबे ओसरले, तरी आतला बाजार तगला तो या वहीमुळे.

मात्र या पायावरही ताण आहे. भातखाचरांच्या जागी बंगल्यांचे प्लॉट पडले की खत घेणारा गेला आणि त्याच्या जागी महिन्यातून दोनदा येणारा, डिकीत पुण्याहून सामान भरून आणणारा घरमालक आला. वस्ती वाढलेली दिसते, पेठेचे गिऱ्हाईक घटलेले असते. दुसरीकडे पुणे-लोणावळा लोकल, जी मार्च 1978 पासून धावते, ती मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशा थांब्यांवरून जी माणसे बाजाराला आणू शकते, त्यांना दुपारच्या वेळी पुरेशा गाड्या मिळत नाहीत, ही प्रवाशांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. सकाळच्या गाडीने बाजाराला आलेल्या बाईला घरी जाऊन चूल पेटवायची असते. तिला दुपारची गाडी मिळाली तर लोणावळ्याच्या पेठेत जितकी वर्दळ वाढेल, तितकी सुशोभीकरणाचे दिवे आणि कमानी लावून वाढणार नाही.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या यादीत लोहगडाचा समावेश होऊन तो जागतिक वारसा ठरला. गडाच्या पायथ्याची वाट मळवली स्थानकावरून जाते, म्हणजे हा पर्यटक तरी रेल्वेने येऊन पायी चालू शकतो. त्याच्यासाठी मळवलीला आणखी एक चिक्कीची रांग उभी करायची, की भाजे आणि लोहगडवाडीतल्या तांदळाला, नाचणीला, करवंदाच्या लोणच्याला स्थानकासमोर दोन गाळे चढत्या भाड्याने द्यायचे, हा निर्णय लहान आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

मोठा निर्णय मात्र आधीच झालेला आहे. खोपोली ते कुसगाव हा सुमारे 13.3 किलोमीटरचा नवा दुवा, ज्याला सर्वत्र मिसिंग लिंक म्हणतात, 2019 मध्ये हाती घेण्यात आला. त्यातील दोन बोगद्यांपैकी एक जवळपास नऊ किलोमीटर लांब असून तो लोणावळा तलावाखालून जातो आणि अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी करतो. घाटातील कोंडीतून प्रवाशांना सोडवणारे हे काम अत्यंत गरजेचे होते, यात वाद नाही. पण 1830 मध्ये घाटमाथ्यावर आलेला रस्ता या बोगद्याने घाटमाथ्याच्या पोटात शिरतो, आणि खंडाळ्याच्या वळणावर थबकून वडा खाणाऱ्या प्रवाशाला वाटेत लोणावळा लागले हेही कळण्याचे कारण उरत नाही. कुसगावच्या टोकाला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत, आणि तेथून लोणावळ्याच्या पेठेपर्यंत येणारी हजारो तरुण मुले आठवड्याचे सातही दिवस तेथेच राहतात. त्यांना सायकलचे पंक्चर, मोबाइलची काच, झेरॉक्स, चष्म्याची दांडी आणि रात्री नऊनंतर परवडेल असे जेवण लागते. हे पाचही धंदे मोक्याच्या गाळ्याचे आजचे भाडे देऊ शकत नाहीत.